उरलेला ऑक्सिजन : प्रस्तावना

कार्बोरेटरच्या गाडीचं मिश्रण जमलंय की नाही, हे मेस्त्री प्लग काढून सांगत असे. टोक काळं, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त. पांढरंफटक असेल तर हवा जास्त. चॉकलेटी रंग आला की एअर स्क्रूला हात लावायचा नाही. जळून गेल्यावर मागे काय राहिलं ते पाहून जळण्याआधीची चूक ओळखायची आणि स्क्रू पाव-अर्धा फेरा फिरवून ती सुधारायची, हे सगळं तत्त्व त्या एका नजरेत होतं. आज दीड लिटरच्या मोटारीत आणि शंभर सीसीच्या मोटरसायकलीत तेच तत्त्व चालतं. प्लगच्या रंगाऐवजी एक्झॉस्टच्या पाइपात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर, मेस्त्रीच्या हाताऐवजी ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक, आणि सर्व्हिसिंगला गाडी आली की होणारी दुरुस्ती आता दर सेकंदाला.

हे पुस्तक त्या दुरुस्तीविषयी आहे. सेन्सर कसा असतो, कुठे बसतो, किती वायरचा असतो, ही माहिती कोणत्याही सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळते. ईसीयू पेट्रोलचा हिशेब आधी कसा मांडतो, उरलेल्या ऑक्सिजनवरून तो हिशेब कसा दुरुस्त करतो, आणि त्या दुरुस्तीच्या आकड्यावरून इंजिनाची प्रकृती कशी ओळखायची, हे मात्र मराठीत सलग कुणी सांगितलेलं माझ्या वाचनात नाही. आयटीआयची मुलं हे तुकड्यातुकड्यांनी शिकतात, अभियांत्रिकीची मुलं समीकरणांतून शिकतात, आणि गॅरेजमधला कारागीर स्कॅनरच्या पडद्यावरून अंदाजाने शिकतो. तिघांना एका जागी बसवावं, असं फार दिवस मनात होतं.

मुळात या यंत्रणेची गरज इंजिनाला नव्हती, हवेला होती. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १ भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते, हे रसायनशास्त्राला फार आधीपासून ठाऊक होतं. पण इंजिन १२ला १ वरही छान ओढतं आणि १६ला १ वरही चालतं, त्यामुळे कार्बोरेटरच्या काळात या आकड्याभोवती ऐसपैस वावरता येत असे. अडचण सुरू झाली लॉस एंजेलिसमध्ये. तिथल्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्याचं मूळ गाड्यांच्या धुरातले हायड्रोकार्बन, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि ऊन यांच्या संयोगात आहे, हे आरी हाखन-स्मित या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास दाखवून दिलं. पुढे १९७० साली अमेरिकेत हवा स्वच्छ राखण्याचा कायदा झाला आणि मोटारींच्या धुरातली विषारी द्रव्यं नव्वद टक्क्यांनी कमी करा, असं कारखानदारांना फर्मावण्यात आलं. १९७५च्या मॉडेलपासून तिकडे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. ते कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन जाळून टाकत, नायट्रोजनच्या ऑक्साइडना मात्र हात लावत नसत.

तिन्ही द्रव्यं एकाच डब्यात संपवणारा थ्री-वे कन्व्हर्टर तयार झाला, तेव्हा त्याची अट फार कडक निघाली. नायट्रोजनच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घ्यायला धुरात थोडं अर्धवट जळलेलं इंधन हवं, आणि ते इंधन संपवायला थोडा ऑक्सिजन हवा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधतात त्या फक्त १४.७च्या अगदी लगत. मिश्रण एखाद्या टक्क्याने लीन, म्हणजे हवा जास्त, झालं तरी नायट्रोजनच्या ऑक्साइडची सफाई कोसळते, तेवढंच रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, झालं तर बाकीचे दोन वायू बाहेर निसटतात. इतका नेमकेपणा कोणत्याही कार्बोरेटरला किंवा नुसत्या गणितावर चालणाऱ्या फ्युएल इंजेक्शनला झेपणारा नव्हता. इंजेक्टरचं भोक थोडं बुजतं, पंपाचा दाब उतरतो, महाबळेश्वरला चढताना हवा विरळ होते, पेट्रोलची जात बदलते. निकाल पाहून हात सुधारणारं काहीतरी हवंच होतं.

ते बॉशने दिलं. १९७६ साली त्यांचा लॅम्ब्डा सेन्सर उत्पादनात आला आणि कॅलिफोर्नियासाठी बनवलेल्या व्होल्वोच्या १९७७च्या गाड्यांवर प्रथम बसला. प्रत्यक्ष हवा आणि १४.७च्या हिशेबाने लागणारी हवा यांच्या गुणोत्तराला अभियंते लॅम्ब्डा म्हणतात. लॅम्ब्डा १ म्हणजे बरोब्बर, १च्या वर लीन, १च्या खाली रिच. त्या व्होल्वोमध्ये इंधन पुरवणारी मूळ यंत्रणा यांत्रिक होती, तिला जोडलेला एक उघडझाप करणारा व्हॉल्व्ह सेन्सरच्या सांगण्यावरून मिश्रण हलवत असे. जनरल मोटर्सने १९८१च्या जवळपास सगळ्या पेट्रोल गाड्यांवर हेच काम संगणकाने हलवलेल्या कार्बोरेटरकडून करून घेतलं. ऑक्सिजन सेन्सर आणि इंजेक्शन यांची जोडी आपल्याला आज अभेद्य वाटते, पण फीडबॅकवर चालणारे कार्बोरेटरही होऊन गेले. पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांच्यावर मी थोडा जास्त वेळ घालवला आहे, कारण नियंत्रण म्हणजे काय हे त्या ओबडधोबड यंत्रणेत उघड्यावर दिसतं.

आता सेन्सरच जरा जवळून बघू. आत झिर्कोनियाच्या चिनी मातीसारख्या पदार्थाचं एक बोटाएवढं टोपण असतं, दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा पातळ, सच्छिद्र थर दिलेला. बाहेरची बाजू धुरात, आतली बाजू बाहेरच्या स्वच्छ हवेत. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की या पदार्थातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात, आणि दोन बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जितकी तफावत तितका विजेचा दाब तयार होतो. हा नियम वाल्टर नेर्न्स्टने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडला होता, आणि गंमत म्हणजे त्यानेच झिर्कोनियात यट्रियम ऑक्साइड मिसळून विजेचा दिवा बनवला होता. तोच पदार्थ पाऊण शतकानंतर सायलेन्सरमध्ये जाऊन बसला. मिश्रण रिच असेल तर धुरात ऑक्सिजन जवळजवळ शून्य, म्हणून ०.८ ते ०.९ व्होल्ट, लीन असेल तर ०.१च्या आसपास. या दोन टोकांच्या मध्ये, लॅम्ब्डा १पाशी, कडा तुटावा तसा उतार आहे. म्हणजे हा सेन्सर रिच की लीन एवढंच सांगतो, किती ते जवळजवळ सांगत नाही.

एवढ्या तुटपुंज्या उत्तरावर ईसीयूने काम कसं भागवायचं? तो लीन ऐकू आलं की इंजेक्टर उघडा राहण्याची वेळ हळूहळू वाढवत नेतो, रिच ऐकू येईपर्यंत. मग थोडी झटक्याने कमी करतो आणि हळूहळू उतरवत नेतो, पुन्हा लीन ऐकू येईपर्यंत. मध्ये उशीर असतो. आयडलला ८०० आरपीएमवर एका सिलिंडरचं सेवन ते उत्सर्जन हे चक्र पुरं व्हायला ०.१५ सेकंद लागतात, वर पाइपातला प्रवास आणि सेन्सरची स्वतःची सुस्ती. त्यामुळे ईसीयूला कळतं तोवर मिश्रण पलीकडे गेलेलं असतं आणि व्होल्टेज सतत वरखाली झुलत राहतं. स्कॅनरवर हे झुलणं पाहून नवशिक्याला सेन्सर बिघडल्याची शंका येते. खरं तर तो झुलतोय तोवरच ठीक आहे. कन्व्हर्टरमधलं सेरियम ऑक्साइड लीन क्षणी ऑक्सिजन साठवतं, रिच क्षणी सोडतं, आणि या हेलकाव्यातूनच तिन्ही वायूंची सफाई उत्तम होते.

स्कॅनरच्या पडद्यावर याच कामाचे दोन आकडे दिसतात, शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याला रोजकीर्द आणि दुसऱ्याला खतावणी म्हणायला लावतो. आत्ता या क्षणी किती टक्के पेट्रोल वाढवलं वा घटवलं, ते रोजकीर्दीत. ती वाढ सातत्याने एकाच बाजूला राहिली की ती खतावणीत उतरते, आणि गाडी बंद केली तरी टिकते. दोन्हींची बेरीज म्हणजे ईसीयूचं मूळ गणित आणि प्रत्यक्ष इंजिन यांच्यातली तफावत. निरोगी गाडीत ती साधारण दहा टक्क्यांच्या आत असते. वीस-पंचवीस टक्क्यांवर गेली की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि पी०१७१ सारखा कोड पडतो.

माझं म्हणणं इथे येतं, आणि सगळं पुस्तक त्यावर उभं आहे. ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल दिसत नाही. त्याला फक्त उरलेला ऑक्सिजन दिसतो, आणि तो कुठून आला हे त्याला माहीत नसतं. चार सिलिंडरपैकी एकाची कॉइल कमजोर झाली, ठिणगी पडेना, तर त्या सिलिंडरमधला सगळा ऑक्सिजन न जळता पाइपात येतो. सेन्सर म्हणतो, लीन. ईसीयू विश्वास ठेवतो आणि चारही सिलिंडरना पेट्रोल वाढवतो. आता धड असलेले तीन सिलिंडर रिच चालू लागतात, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरतं, मालक म्हणतो गाडी पेट्रोल पिते, आणि कोड म्हणतो मिश्रण लीन आहे. मॅनिफोल्डच्या जोडात धूर गळत असला, तरी दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि हाच प्रकार घडतो. अशा गाडीचा सेन्सर बदलला जातो, कोड उडवला जातो, आठवड्यात दिवा पुन्हा लागतो. सेन्सरने खोटं सांगितलेलं नसतं. त्याने जे पाहिलं त्याचा अर्थ लावण्याचं काम कुणीच केलेलं नसतं. कोडच्या वर्णनात ज्या सुट्या भागाचं नाव येतं तो भाग बदलायचा, ही आपल्या गॅरेजांमधली आजची सर्वांत महागडी सवय आहे.

ट्रिम वाचता आली तर अर्धी वाट सुटते. एअरफ्लो मीटर असलेल्या गाडीत आयडलला बेरीज अधिक वीस दिसते आणि २५०० आरपीएमवर अधिक चारवर येते, तर मीटरनंतरच्या नळीत कुठेतरी हवा शिरते आहे; गळती तेवढीच राहते, पण इंजिन जास्त हवा ओढू लागलं की तिचा वाटा कमी होतो. याउलट आयडलला ठीक आणि लोडवर वाढत गेली, तर पंप, फिल्टर, इंधनाचा दाब यांकडे बघायचं. आता एक सावधगिरी. हा धडा इंग्रजी पुस्तकांतून जसाच्या तसा उचलला जातो, आणि ती पुस्तकं बहुधा एअरफ्लो मीटरच्या मोठ्या अमेरिकन गाड्यांवर लिहिलेली आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या हवा थेट मोजत नाहीत. मॅनिफोल्डमधला दाब आणि तापमान पाहून ती हिशेबाने काढतात. त्यांच्यात चोरून शिरलेली हवाही हा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरला दाब वाढलेला म्हणून दिसते, ईसीयू तिच्यासाठी पेट्रोल देऊन मोकळा होतो, आणि ट्रिम फारशी हलतच नाही. आयडल मात्र चढतं. एकच बिघाड, दोन घराण्यांच्या गाड्यांत दोन चेहरे. गाडी कोणत्या घराण्याची आहे हे आधी विचारल्याशिवाय ट्रिमचा एकही आकडा वाचायचा नाही, हा नियम पुस्तकभर पाळला आहे.

घराणी आणखी आहेत. हवा मोजण्याचं तिसरं घराणं थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम एवढ्यावरच भागवतं. ते मोटरसायकलींच्या जगात जास्त दिसतं. सेन्सरचं दुसरं घराणं वाइडबँडचं. त्यात झिर्कोनियाच्या पेशीला जोडून एक पंप-पेशी असते, ती ऑक्सिजन आत-बाहेर ढकलून मधल्या पोकळीत लॅम्ब्डा १ राखते, आणि त्यासाठी लागलेला प्रवाह हेच मोजमाप ठरतं. नुसतं रिच-लीन न सांगता किती हे सांगणारा हा सेन्सर १९९०च्या दशकात गाड्यांवर आला, आणि नियंत्रणाची पद्धत त्याने पालटली. वरखाली झोके घेत राहण्याऐवजी ईसीयू थेट हव्या त्या आकड्याकडे जाऊ शकतो. ज्यांनी साध्या सेन्सरवर हात बसवला त्यांना वाइडबँडचा जवळजवळ सरळ आलेख मेल्यासारखा वाटतो, म्हणून त्याचं प्रकरण मी वेगळं आणि मोठं केलं आहे. टायटेनियाचे सेन्सर काही गाड्यांवर आले, पण फार टिकले नाहीत. त्यांची ओळख पुरे.

एक वाद मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण तो हरलेल्या बाजूचा इतिहास सहसा कुणी सांगत नाही. लॅम्ब्डा १ हाच धर्म असं सगळ्यांनी मानलेलं नव्हतं. होंडाने १९७५ साली अमेरिकेत विकलेल्या सिव्हिकने, कन्व्हर्टर न लावता, दोन कप्प्यांच्या ज्वलनकक्षात लीन मिश्रण जाळून त्या वर्षीची मानकं पाळली. १९८०च्या दशकात जंगलं सुकण्याच्या धास्तीने जर्मनी कन्व्हर्टरकडे वळत होती, तेव्हा ब्रिटनमधल्या कारखानदारांचा ओढा लीन-बर्नकडे होता. पेट्रोल वाचतं, महागडं प्लॅटिनम लागत नाही, ही त्यांची बाजू खोटी नव्हती. १९९६ला मित्सुबिशीने थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारून तोच विचार पुन्हा मांडला. पण लीन धुरात नायट्रोजनच्या ऑक्साइडचं काय करायचं, या प्रश्नाला स्वस्त उत्तर मिळालं नाही. युरोपने तर १९९२च्या मानकांनीच वाद निकालात काढला होता, आणि पेट्रोल गाड्यांत लॅम्ब्डा १ जिंकला. या विजयाची किंमत इंधनात मोजावी लागली, हे मान्य केलंच पाहिजे. माझ्या मते ती मोजणं योग्य होतं.

कॅलिफोर्नियाच्या पुढाकाराने आलेलं, आणि १९९६पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचं झालेलं ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःच्या बिघाडांवर स्वतः नजर ठेवण्याचं मानक, हा या विषयातला दुसरा मोठा टप्पा. त्याने ट्रिमचे आकडे कारखान्याच्या कुलुपातून काढून कुणाच्याही स्कॅनरवर आणले. कन्व्हर्टरच्या मागेही एक सेन्सर बसवला. पुढचा झुलतो आणि मागचा जवळपास स्थिर राहतो, तोवर कन्व्हर्टर जिवंत. मागचाही पुढच्यासारखा झुलू लागला की कन्व्हर्टरची साठवण संपली.

आपल्याकडे १९९५च्या एप्रिलपासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर लागले, आणि त्यांच्यासाठी शिसंविरहित पेट्रोल आलं; शिसं कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर दोघांनाही मारतं. देशभरातून शिसं गेलं ते २००० साली. भारत स्टेजची एकेक पायरी चढत एप्रिल २०२०ला बीएस-६ आलं, आणि त्यासोबत दुचाक्यांच्या बाजारातून कार्बोरेटर जवळजवळ उठला. या बदलाचा आकार अजून नीट लक्षात घेतला गेलेला नाही. पुण्यात एआरएआय या संस्थेत मानकांच्या चाचण्या होतात, चाकणला गाड्या बनतात, पण त्या गाड्या पुढे दुरुस्त होतात तालुक्याच्या गावी, दोन पाने आणि एक प्लगपाना घेऊन बसलेल्या माणसाकडे. त्याच्या हातातला एअर स्क्रू काढून घेतला आणि बदल्यात काही दिलं नाही. बाइकचा सायलेन्सर बदलताना सेन्सरच्या भोकात बूच मारणारे आणि सेन्सरऐवजी खोटा सिग्नल देणारी डबी जोडणारे याच पोकळीत वाढले. गाडी क्षणभर जोरात पळाल्यासारखी वाटते. कन्व्हर्टर जळतो आणि गल्लीतली हवा नासते, ते दिसत नाही.

या विषयाकडे आजच वळायचं आणखी एक कारण पंपावर आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठलं, आणि त्यातलं काही इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांतून येतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून त्याला १४.७ ऐवजी ९ भागच हवा लागते. वीस टक्के मिश्रणाचा आकडा साधारण १३.५वर येतो. शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने लिहिलेल्या ईसीयूला तेवढ्याच हवेसाठी सुमारे आठ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं, आणि हे तो खतावणीत मुकाट लिहून घेतो. ॲव्हरेज का उतरलं याचं एक उत्तर तिथे आहे. दुसरं असं, की ट्रिमची जी मोकळी जागा म्हाताऱ्या पंपासाठी आणि बुजलेल्या इंजेक्टरसाठी राखलेली होती, तिचा काही भाग इंधनानेच खाल्ला; पूर्वी कोड न पडलेल्या जुन्या गाड्यांत तो आता पडू शकतो. थंड इंजिन सुरू होताना आणि पूर्ण थ्रॉटलवर ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही, तिथे शिकलेली खतावणीच कामाला येते. आणि कार्बोरेटरवरच्या जुन्या दुचाकीला यातलं काहीच नाही. ती लीन चालत राहते. ब्राझीलने हा प्रश्न आधीच पाहिला होता. २००३ साली तिथे आलेली फोक्सवॅगनची ‘गोल’ ही फ्लेक्स-फ्युएल मोटार टाकीत किती अल्कोहोल आहे हे वेगळ्या सेन्सरने मोजत नव्हती. लॅम्ब्डा सेन्सरच्या दुरुस्तीवरून ओळखत होती. इथेनॉलवर आपल्याकडे होणारी चर्चा गटांत वाटली गेली आहे. मी कोणत्याही गटाची वकिली केलेली नाही. आकडा कसा काढायचा आणि आपल्या गाडीवर तो कसा बघायचा, एवढं दाखवलं आहे.

पुस्तक वाचताना शेजारी गाडी आणि एक साधा ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर असावा; मोबाइलवर ट्रिम आणि सेन्सरचं व्होल्टेज दिसलं की पुरे. गणित जिथे टाळता आलं नाही तिथे बेरीज, गुणाकार आणि टक्केवारीच्या पुढे गेलेलं नाही, नियंत्रणशास्त्राची समीकरणं परिशिष्टात ठेवली आहेत. शब्दांच्या बाबतीत गॅरेजचं ऐकलं आहे: रिच, लीन, ट्रिम, मिसिंग, कोड. सीएनजीला स्वतंत्र प्रकरण दिलं, कारण त्याचा आकडा १७च्या पुढे जातो आणि दोन इंधनांवर चालणाऱ्या गाडीच्या ट्रिमा एकमेकींत मिसळल्या की होणारा गोंधळ रिक्षा-टॅक्सीवाल्यांच्या रोजच्या कमाईवर येतो. डिझेल मात्र बाहेर ठेवलं आहे. तिथे ऑक्सिजन नेहमीच उरतो, सेन्सर वेगळ्या कामाला जुंपलेले असतात, आणि त्याला याच जाडीचं दुसरं पुस्तक लागेल.